चित्र आत्ताचं, गोल मघाचा

सुजाता, तुझा फोटो शोधायला बसलो तर तुझ्या फोनमध्ये हुलगे निघाले.

मिलिंद बोटाने एकेक सरकवत होता, मी शेजारी बसले होते. तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला फोटो लागतो, फोटोवाला दुपारपर्यंत द्या म्हणाला होता. हुलग्यांचं ताट. पुन्हा हुलग्यांचं ताट. ताटात एक खडा. तोच खडा जवळून, मग खिडकीच्या उजेडात, मग ट्यूबच्या उजेडात. कुठेतरी माझा अंगठा. मिलिंद म्हणाला, "आई, लग्नात आमचे काढले नसतील एवढे फोटो हिने खड्यांचे काढलेत." बोलला आणि त्याचं बोट थांबलं. मी म्हटलं, सरकव पुढे. पुढेही हुलगेच होते.

शेवटी तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने एक पाठवला, कुठल्याशा कार्यक्रमातला. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आहे. फोटोवाला म्हणाला, पट्टा पुसून देतो. मी म्हटलं, राहू दे. बाणेरहून खडकीला घरी आलीस तरी तो पट्टा गळ्यातच असायचा, कणीक मळायला घेतलीस की लोंबायचा आणि मी ओरडायचे. पट्टा पुसला तर ती बाई आमची कशी वाटेल?

लोक आले, पांढरे कपडे घालून बसले. मेणबत्ती लावली, वंदना झाली. जो तो फोटोकडे बघून म्हणायचा, किती हसरी होती. मला चेहऱ्याच्या जागी पिवळट धुकं दिसत होतं. मी मान हलवत होते.

आता कुणी येत नाही. बरं आहे. आलेल्याला दर वेळी पहिल्यापासून सांगायचं, ताप आला, वाढला, गेली. मग ते म्हणणार, वय काय होतं हो. मग माझ्याकडे बघणार. त्यांच्या मनात काय येतं ते मला कळतं, माझ्याही मनात तेच येतं. सांगून जीभ दमली. तरण्या सुनेची गोष्ट म्हातारीने सांगत बसायची, हे काम माझं नव्हे. म्हणून ते इथे लिहीत नाही. तुझ्याशी जे बोलणं अर्धं राहिलं तेवढं लिहिते. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात बसेल तसं.

भांडण तुझ्या दातापासून सुरू झालं. तुझ्या आईने गावाहून हुलगे पाठवले होते, घरच्या शेतातले. हुलग्यातला खडा मोठा लबाड असतो. रंग हुलग्याचा, आकार हुलग्याचा. मी निवडले, उसळ केली. तू पहिलाच घास घेतलास आणि कट् आवाज आला. मिलिंदला वाटलं, वाटी आपटली. तू तोंडात बोट घालून दाताचा तुकडा काढलास, ताटाच्या कडेला ठेवलास आणि पुढचा घास घेतलास.

"दाखव," मी म्हटलं.

तू ओठ वर केलास. मला काही समजलं नाही.

"दिसतं का गं?"

"नाही आई. कोपरा गेलाय नुसता. दिसत नाही."

"तुझ्या आईला सांग, खळं झाडून घेत जा म्हणावं."

"सांगते. आणि तुम्ही डोळे दाखवून घ्या."

"माझ्या डोळ्यांचा काय संबंध? खडा तुझ्या माहेरचा."

"खडा माहेरचा. निवडला सासरी."

मिलिंद म्हणाला, "मी कुणाच्याच बाजूने नाही. मला भाकरी वाढा."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तुला माहीत होतं, मिलिंदला माहीत होतं, मला तर होतंच. डॉक्टरने ऑपरेशन सांगून ठेवलं होतं आणि मी दर वेळी काहीतरी काढत होते. उन्हाळा आहे. पाहुणे आहेत. तुझ्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, नाहीतर मी तेही सांगितलं असतं. खरं कारण तू विचारलंस, मी कधी दिलं नाही. आता देते. डोळ्याला काही लावणार म्हटलं की माझे पाय गळायचे. एवढंच. दुसरं काही नाही.

आणि एक होतं. तू या घरात आल्यापासून एकेक काम माझ्या हातून गेलं. कपडे यंत्रात, वाटण यंत्रात, डाळ-तांदूळ पाकिटातले, स्वच्छ. तू मुद्दाम काढून घेतलंस असं नाही. पण गेलं. निवडायचं असं तुझ्या आईकडून येणारं तेवढंच उरलं होतं. हुलगे, मटकी, कधी बाजरी. दुपारी खिडकीशी ताट घेऊन बसलं की मी या घरात कुणीतरी होते. डोळे गेले म्हणजे ताटही गेलं, हे मला कळत होतं. म्हणून गेले नाहीत असं म्हणत होते.

तू यावर वाद घातला नाहीस. दुसरी सून असती तर दुकानातून पाकीट आणून समोर आपटलं असतं. तू एका रविवारी दोन उंच डबे मांडलेस, त्यांवर लाकडी पट्टी आडवी टाकलीस आणि पट्टीला रबराने तुझा फोन बांधलास, कॅमेरा खाली, पडदा वर. खाली माझं ताट.

"हे काय?"

"तुम्ही निवडा. फोन बघेल. खडा दिसला की त्याच्याभोवती लाल गोल काढेल."

"फोटो काढणार माझ्या ताटाचे?"

"फोटो काढून शिकवून झालं त्याला. आता फोटो नाही, नुसतं बघायचं. फोटो काढायच्या आधी पडद्यावर हलतं चित्र दिसतं ना, तेच."

"आणि मग ते चित्र ठेवतो कुठे?"

"ठेवत नाही. बघतो आणि सोडून देतो."

ऑफिसात तुझं कामच ते होतं म्हणालीस. लोक कॅमेरा कागदावर नुसता धरतात आणि फोन आपला आपण वाचतो, तसलं. पगार घेऊन दिवसभर जे करायचं, तेच घरी येऊन हुलग्यांवर करत होतीस. मी म्हटलं, हौस आहे. तू म्हणालीस, दात आहे.

पहिल्या दिवशी मी पोट धरून हसले. स्टीलच्या ताटात खिडकीचा उजेड चमकला की तिथे गोल. ताटाच्या काठाला गोल. माझ्या नखाला गोल. तू माझ्या जुन्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा ताटात अंथरलास, मग जरा ताळ्यावर आलं. मी त्याचं नाव गोलवाला ठेवलं. "गोलवाल्याला विचार, भाजीत मीठ पडलं का."

पैज त्या हसण्यातच लागली. मी ताट निवडून 'झालं' म्हणायचं, मग फोनने बघायचं. त्याला एकही खडा सापडला तर मी निमूट ऑपरेशनला जायचं. नाही सापडला तर तू पुन्हा डोळ्यांचं नाव काढायचं नाही. मी लगेच हो म्हटलं. नखाला खडा म्हणणाऱ्याला कोण घाबरतं?

"पण तो नीट चालायला लागल्यावर," तू म्हणालीस.

"तुझ्या सवडीने चालू दे," मी म्हटलं.

तो चालेना. मी निवडताना ताट हलवते. सगळ्याच बाया हलवतात, हलवल्याशिवाय खालचा दाणा वर कसा येणार? मी ताट हलवलं की पडद्यावर हुलगे सरकायचे आणि गोल मागे राहायचा, रिकाम्या कापडावर. मी खडा उचलून वाटीत टाकला तरी गोल तिथेच, खडा नसलेल्या जागेला धरून. जितका वेळ बसावं तितका तो जास्त मागे पडायचा. शेवटी फोन हाताला चटका बसेल एवढा तापायचा आणि बंद पडायचा.

"ताट स्थिर ठेवाल का थोडं?"

"देवळातल्या मूर्तीकडून निवडून घे मग."

"आपण कुठे देवळात जातो?"

"म्हणूनच सांगते."

तू चित्र लहान करून बघितलंस, म्हणजे फोनला कमी बघावं लागेल. तसं केलं तर तो पळायला लागला, पण बारीक खडे त्याला दिसेनात. मी म्हटलं, यालाही मोतीबिंदू झाला. तू हसलीस, पण कपाळाला आठी होती. ती मला दिसली नव्हती, आवाजावरून कळली.

मग एका संध्याकाळी ऑफिसातून आलीस, चप्पल काढायच्या आधी म्हणालीस, "आई, माझंच चुकत होतं." पट्टा गळ्यात होताच. पाण्याचा तांब्या हातात धरून मला समजावायला बसलीस. कॅमेरा एका सेकंदात वीस-तीस चित्रं देतो. एक चित्र नीट बघायला फोनला वेळ लागतो. तोवर पुढची येऊन उभी राहतात. रेशनची रांग म्हण ना, मी म्हटलं. हो, रांग, तू म्हणालीस. तू फोनला सांगितलं होतं की रांगेतलं एकही सोडायचं नाही, सगळी ओळीने बघायची. खडा सुटायला नको म्हणून. त्यामुळे फोन बघत असायचा मघाचं चित्र, आणि पडद्यावर असायचं आत्ताचं.

"चित्र आत्ताचं, गोल मघाचा," तू म्हणालीस. "म्हणून मागे पडतो."

"मग आता?"

"रांगच मोडायची. फोन मोकळा झाला की जे सगळ्यात नवीन असेल तेवढंच त्याला दाखवायचं. मधली सगळी टाकून द्यायची."

हे मला पटलं नाही. तुला आठवत असेल, स्वयंपाक होईपर्यंत आपण त्यावरच होतो. मी आयुष्यात काही टाकलं नाही. दुधाची पिशवीसुद्धा धुऊन वाळवते. न बघता टाकायचं म्हणजे काय? टाकलेल्यात खडा असला तर?

"आई, तोच खडा पुढच्या चित्रात असतोच की. तो कुठे पळून जातोय?"

"आणि टाकलेली गेली?"

"गेली. ती कुणाला हवीत?"

"तुला नको असतील," मी म्हटलं. "बघितल्याशिवाय मी काही टाकणार नाही."

"तुम्ही नका टाकू. फोन टाकेल."

भाकरी करपली. मिलिंदने करपलेली खाल्ली आणि विचारलं, आज कोण जिंकलं. कुणीच नाही, तू म्हणालीस, रविवारी ठरेल. फोनमध्ये तसं बसवून ठेवते, रविवारी पैज.

शनिवारी तुझं अंग दुखायला लागलं. रविवारी ताप होता. हुलगे राहू दे म्हटलं, पुढच्या रविवारी बघू. आपण दोघी तेच म्हणालो. पुढचं मी इथे लिहिणार नाही म्हटलंय.

सुजाता, फोनमध्ये फोटो मिळेना तेव्हा मिलिंद काय म्हणाला सांगते. तो म्हणाला, "आई, एवढे महिने रोज कॅमेरा उघडा होता या स्वयंपाकघरात. ती वाकून बघायची, हात घालायची, रबर लावायची. कुठेतरी असेल ती त्यात." तो कारखान्यात लोखंडाशी झुंजणारा माणूस, त्याला यातलं कळत नाही. मला कळतं, तू शिकवलंस. मी त्याला सांगितलं, तो नुसतं बघतो, ठेवत नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच टाकून दिलंय.

ठेवायला काय झालं असतं गं? एक ठेवायचं. खडे ठेवलेस ना.

हे भांडण मी तुझ्याशी रोज करते. तू नसलेल्या जागेशी. चहा ठेवताना तुझा कप काढते. जिन्यात चप्पल वाजली की दार उघडायला उठते आणि वरच्या मजल्यावरची बाई निघून जाते. जे तेव्हा बोलायचं ते आता सुचतं. मागे पडले आहे मी, तुझ्या त्या पहिल्या गोलवाल्यासारखी. एकेक बघतेय ओळीने, एकही सोडवत नाही. फोन निदान तापून बंद पडायचा.

कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, तुझी आई गावाला गेली. जाताना माझा हात धरून रडली. मी रडले नाही, तिला एसटीत खायला चपाती-भाजी बांधून दिली. तिने जाताना विचारलं, हुलगे पाठवू का आता. मी म्हटलं, पाठवा. डब्यात तुझ्या वेळचे थोडे होते अजून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिलिंद घरी होता. मी ते हुलगे काढले, ताटात लुगड्याचा तुकडा अंथरला आणि खिडकीशी बसले. नीट निवडले. घाई केली नाही. दाणा न् दाणा बोटाखालून घातला. मग म्हटलं, "झालं. मिलिंद, ते डबे मांड."

"आई, आत्ता?"

"मग कधी?"

त्याने डबे मांडले, पट्टी ठेवली. रबर त्याच्याने नीट बांधलं जाईना, तू दोन वेढे द्यायचीस, त्याने एकच दिला. मग बांधलं. फोन उघडला. पडद्यावर माझे हुलगे आले, पांढऱ्या कापडावर. काही झालं नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, बघ, जिंकले.

मग एक लाल गोल आला. रंग मला दिसतो, धुक्यातून दिसतो. मी ताट हलवलं. मुद्दाम, जोरात हलवलं. हुलगे सरकले आणि गोल त्यांच्याबरोबर सरकला. मागे पडला नाही. पुन्हा हलवलं. गोल बरोबर.

मी बोट घातलं, पडद्यात बघत त्या जागी आले, दाणा उचलला. दाढेखाली धरला. खडा होता.

मग दुसरा गोल आला, ताटाच्या कडेला. तोही खडाच.

"चाललं की गं हिचं," मिलिंद म्हणाला. मला म्हणाला की तुला, माहीत नाही. मग तो गॅलरीत जाऊन उभा राहिला, पाठ करून. मी दोन्ही खडे वाटीत टाकले. फोन तापला नव्हता, हात लावून बघितला. गार होता. तू केलेलं बरोबर होतं. मधली टाकली तरी खडा सुटला नाही. तेवढं तुझं खरं, मी मान्य करते. बाकीचं मान्य नाही.

मिलिंद आत आल्यावर म्हटलं, डोळ्याच्या डॉक्टरची वेळ घे.

"आता कशाला घाई? थोडे दिवस जाऊ देत."

"पैज होती."

"कुणाशी?"

मी खड्यांची वाटी त्याच्यापुढे सरकवली. त्याने वेळ घेतली.

गेले ऑपरेशनला. सांगते म्हणून सांगते, टेबलावर झोपवलं तेव्हा मी त्या नर्सचा हात एवढा दाबला की ती म्हणाली, आजी, सोडा, मला हाताने काम करायचंय. तू असतीस तर बाहेर बसून हसली असतीस. मिलिंद बाहेर बसून फोन बघत होता. तुझाच. हुलगे बघत होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. एकाच डोळ्याचं झालंय, दुसरा नंतर. घरी आले तर आधी ओटा दिसला. फरशीच्या सांध्यांत तेलाचा काळा थर होता. भिंतीवर हळदीचे डाग. माझ्याच हातचं हे, रोजचं, आणि मला वाटत होतं ओटा लख्ख आहे. तू कधी बोलली नाहीस. माझ्या मागून पुसत असशील. तू गेल्यावर पुसायला कुणी नव्हतं म्हणून साचलं. हातपाय धुतले आणि तो ओटा घासायला घेतला. डॉक्टरने वाकू नका सांगितलंय. मिलिंद ओरडला. थोडा घासला, थोडा ठेवला.

मग बाहेरच्या खोलीत आले आणि तुझ्या फोटोसमोर उभी राहिले. इतके दिवस त्यासमोर मेणबत्ती लावत होते, बघितला आज. चष्मा काळा दिलाय, तो वर केला. पट्ट्यावरची नक्षी दिसली. कपाळाच्या कडेला एक पांढरा केस दिसला, तो मला माहीत नव्हता. तू तोंड भरून हसते आहेस. वरचा पुढचा दात कोपऱ्यातून तुटलाय. चांगला तुटलाय.

त्या दिवशी ओठ वर करून बसली होतीस माझ्यासमोर. मी विचारलं, दिसतं का. तू म्हणालीस, दिसत नाही.

दिसतं गं, सुजाता. दारातून दिसतं.